ठासणीची बंदूक आणि ब्राउनिंग

निवडणूक जाहीर झाली की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सभांच्या आधी बंदुका हलतात. गावात निरोप येतो आणि शेतकरी शेतीसंरक्षण परवान्यावरची बंदूक घेऊन पोलीस ठाण्यात जमा करायला निघतात. यातल्या बऱ्याच बंदुका ठासणीच्या असतात. नळीच्या तोंडातून दारू घालायची, मग बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचं आणि मग बार. दुसरा बार भरून होईपर्यंत रानडुक्कर शेजारच्या वाडीत पोहोचलेलं असतं. तक्रारही दरवेळची ठरलेली. लोकसभा एप्रिल-मेमध्ये येते तेव्हा आंबा-काजू झाडावर असतो आणि वानरं बागेत. विधानसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली तर भात कापणीला आलेलं असतं आणि डुकरं शेतात. सरसकट सगळ्यांच्या बंदुका काढून घेऊ नका, प्रत्येकाचा वेगळा विचार करा, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. गावात पोहोचेपर्यंत त्या आदेशाचं काय होतं ते शेतकऱ्यालाच विचारावं.

सरकारला भीती असते ती निवडणुकीत गोळी चालण्याची. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण महाराष्ट्रात राजकारणापायी आजवर ज्या गोळ्या चालल्या, त्या कुठल्या हत्यारातून आल्या, कुणाला लागल्या आणि त्या वेळी कायदा कुणाच्या दारात उभा होता, हे एकदा ओळीने पाहावं असं बरेच दिवस मनात होतं. या हिशेबात आपल्या जिल्ह्याचं नाव एकदा नाही, अनेकदा येतं.

सुरुवात १८७८ पासून करू. १८५७ च्या उठावानंतर लोकांची हत्यारं काढून घेण्याचं काम सुरू झालंच होतं. व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला आणि ते पक्कं झालं. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं, विकणं, बाहेरून आणणं गुन्हा ठरला. हे आजच्या कायद्यासारखंच वाटेल. खरा काटा सूट मिळालेल्यांच्या यादीत होता. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसाला परवाना लागत नव्हता. राजेरजवाडे, बडे जमीनदार, खिताबवाले अशा काहींना सूट होती. कुर्गच्या लोकांना जमात म्हणूनच सूट होती, ती आजही आहे. बाकीच्यांनी कलेक्टरपुढे उभं राहून आपण विश्वासाला पात्र आहोत हे पटवायचं. देशी वर्तमानपत्रांवरचा कायदाही लिटननेच त्याच वर्षी आणला होता. तो पुढे चार-पाच वर्षांत रद्द झाला. शस्त्र कायदा मात्र राहिला. लेखणी परत मिळाली, बंदूक मिळाली नाही.

१८८७ साली मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी. आमच्याकडची मुलं त्यांचं नाव ‘काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष’ एवढंच पाठ करतात आणि एका गुणाचा प्रश्न सोडवून मोकळी होतात. त्यांच्या अध्यक्षतेखाली काय झालं ते कुणी विचारत नाही. तिथे शस्त्र कायद्यावर चांगली गरमागरम चर्चा झाली. तरुण बिपिनचंद्र पाल त्यावर बोलले. कायदा सैल करा अशी मागणी करणारा ठराव झाला. या मागणीमागची कारणं दोन होती. एक अगदी शेतकऱ्याचं: जंगली जनावरं आणि दरोडेखोर यांच्यापुढे प्रजा निःशस्त्र उभी आहे. दुसरं इज्जतीचं: आम्ही राजनिष्ठ असूनही आमच्यावर संशय का, आणि गोऱ्यावर का नाही? सरकारवर गोळी झाडण्यासाठी बंदूक हवी असं तिथे कुणी म्हणत नव्हतं. ती सगळी सनदशीर माणसं होती.

दहाच वर्षांनी पुण्यात गोळी चालली. २२ जून १८९७ ची रात्र, राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ. गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याला गाठलं. प्लेगच्या तपासणीत गोऱ्या सोल्जरांनी घराघरांत शिरून जो छळ मांडला होता त्याचा तो सूड. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट मात्र नाहक मेला. तो लक्ष्य नव्हताच. रँड ३ जुलैला गेला. पुढे १८९९ मध्ये खबर देणाऱ्या द्रविड बंधूंनाही मारण्यात आलं. सरकारने या खुनाच्या धुरळ्यात ‘केसरी’तल्या लिखाणासाठी टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. टिळक जन्माने रत्नागिरीचे. त्यांना त्या वेळी जामीन देणारे न्यायमूर्ती कोण? तेच बद्रुद्दीन तय्यबजी. शिक्षा झाली ती पुढे, दुसऱ्या न्यायाधीशापुढे.

आता ज्या प्रसंगापाशी मला जास्त थांबायचं आहे तो प्रसंग नाशिकचा आहे, पण त्याची एक दोरी आपल्या खेड तालुक्यात बांधलेली आहे.

अनंत लक्ष्मण कान्हेरे हा मुलगा खेड तालुक्यातल्या आयनी गावचा. शिकायला निजामाच्या राज्यात औरंगाबादला. वय अठरा. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात त्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. जॅक्सनची मुंबईला बदली झाली होती आणि त्याच्या निरोपासाठी किर्लोस्कर नाटक मंडळीचं ‘शारदा’ लावलं होतं. देवलांचं हे नाटक म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जून १९०९ मध्ये जन्मठेप झाली होती, तो खटला जॅक्सनने पुढे पाठवला होता. हा राग त्या खुनामागे होता. कविता छापल्याबद्दल जन्मठेप हा न्याय नव्हता, हे सांगायला क्रांतिकारकच असायला हवं असं नाही.

जॅक्सनला मारणारं पिस्तूल ब्राउनिंगचं होतं. लंडनच्या इंडिया हाऊसमधून चतुर्भुज अमीन नावाच्या स्वयंपाक्याबरोबर अशी वीस पिस्तुलं ट्रंकेच्या चोरकप्प्यात घालून मार्च १९०९ मध्ये मुंबईला आली. विनायक दामोदर सावरकरांना पुढे ज्या दोन जन्मठेपा झाल्या त्यांत या पिस्तुलांचा आणि नाशिकच्या खुनाला साहाय्य केल्याचा आरोप होता. १९२४ पासून १९३७ पर्यंत सरकारने त्यांना रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं, ते सगळ्यांना माहीत आहे.

ट्रंक बंदरावर उतरली त्या दिवशी १८७८ चा कायदा एकतीस वर्षांचा होता. त्या एकतीस वर्षांत कोकणातला कुळवाडी डुक्कर मारायला बंदूक मागत कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या चढत होता. कायदा त्या पायऱ्यांवर जागा होता आणि बंदरावर त्याला ट्रंकेचा खालचा कप्पा दिसला नाही.

आणि मेला कोण? लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. संस्कृतचा अभ्यासक. मुंबई गॅझेटियरच्या इतिहासविषयक कामात त्याचा हात होता. त्याने लोककथा आणि लोकसमजुतींबद्दल एक प्रश्नावली तयार केली आणि गुजरात-कोकणातल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरं मागवली: तुमच्या गावात पाऊस पडावा म्हणून काय करतात, भुतांचे प्रकार किती, शेताची राखण कुठला देव करतो. त्याच्या खुनानंतर एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने ती सामग्री लावून पुस्तकं छापली. कोकणचा भाग १९१५ साली निघाला. त्यातल्या तळटिपा मी शिक्षक म्हणून जरा जास्तच रेंगाळून वाचतो. ‘शाळामास्तर, अमुक गाव’, एवढंच. मास्तरांची नावं बऱ्याच ठिकाणी नाहीत, गावांची आहेत, आणि त्यात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली गावं आहेत. म्हणजे रत्नागिरीच्या मास्तरांनी ज्या माणसाला आपल्या गावाच्या गोष्टी लिहून पाठवल्या, त्याला रत्नागिरीच्याच एका विद्यार्थ्याने मारलं. हा विद्यार्थी शूर होता, यात शंका घेण्याचं कारण नाही. फाशी जाणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराच्या हिमतीवर बसल्या जागेवरून शेरे मारणं मला जमत नाही. पण जॅक्सन साम्राज्याचा चेहरा होता की साम्राज्यातला एक वाचणारा माणूस होता, हा प्रश्न पिस्तुलाला विचारता येत नाही. तो वर्गात विचारता येतो, आणि मी विचारतो. मुलं दोन्ही बाजूंनी बोलतात. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, नाटक पुढे पूर्ण झालं का?" उत्तर मला देता आलं नाही.

त्याच वर्षी १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीला मारलं, तेव्हा मध्ये पडलेला डॉ. कावस लालकाका हा पारशी डॉक्टरही मेला. आयर्स्ट, लालकाका. या याद्यांमध्ये चुकून आलेली नावं बरीच असतात.

गांधीजींचं मत इथे आणायला हवं, कारण अमेरिकेतले बंदूक-हक्कवाले त्यांचं एक वाक्य हौसेने वापरतात. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात गांधीजींनी लिहिलं होतं की संपूर्ण राष्ट्राची शस्त्रं हिरावणारा कायदा हे ब्रिटिश राजवटीच्या कृत्यांतलं सगळ्यात काळं कृत्य ठरेल. वाक्य खरं आहे. पण ते पत्रक ब्रिटिशांच्याच फौजेत भरती व्हा, म्हणजे शस्त्र हाती येईल, हे सांगणारं होतं. अहिंसेच्या माणसाने हे लिहावं याचं आश्चर्य वाटतं, पण त्यांचा राग निःशस्त्र केल्याच्या अपमानावर होता. जानेवारी १९३० च्या शेवटी आयर्विनपुढे त्यांनी ज्या अकरा मागण्या मांडल्या त्यात दारूबंदी आणि मिठाच्या कराबरोबर शेवटची मागणी होती ती स्वसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्यांची, आणि तीही लोकांच्या नियंत्रणाखाली. हे शेवटचे शब्द अमेरिकेत कुणी उद्धृत करत नाही. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला, नियमांच्या आणि अपवादांच्या अधीन राहून.

मग ३० जानेवारी १९४८. बेरेटा पिस्तूल, इटलीत बनलेलं, ग्वाल्हेरमध्ये मिळवलेलं. नथुराम गोडसे तरुणपणी काही काळ रत्नागिरीत राहिला होता, वडिलांची पोस्टातली नोकरी इथे होती, आणि सावरकरांशी त्याची ओळख इथेच झाली. या खटल्यात सावरकर निर्दोष सुटले, हेही इथेच नोंदवतो. त्या कटातला माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याचं पुण्यात ‘शस्त्र भांडार’ होतं. कायदा १८७८ चाच चालू होता. खुनानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्यांचा काही संबंध नव्हता अशी माणसं मारली गेली, कुटुंबं गाव सोडून गेली. तिथे बंदूक लागली नाही. रॉकेल आणि काडेपेटी पुरली.

त्याच वर्षी डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी कराचीचा ठराव आठवून शस्त्राच्या हक्काची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कुणीही उठून बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालणार कसं? दहा महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते सभागृहातल्या प्रत्येकाला आठवत असणार. दुरुस्ती पडली. घटनेत हत्यार बाळगण्याला मान्यता उरली ती एकच, कलम २५ च्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणाला.

मला वाटतं आंबेडकर बरोबर होते. हे मत मी हवेत मांडत नाही. ज्या समाजात मी राहतो त्या समाजातला तरुण मला अधूनमधून विचारतो, "सर, आपण परवाने का काढत नाही?" प्रश्न १९९२-९३ पासूनचा आहे, आणि दर दंगलीनंतर नवा होतो. त्याला मी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातलं एक कोष्टक वाचून दाखवतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसं मेली. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांचा धर्म कळला नाही, ५ इतर. आता कशाने मेली ते बघा. पोलिसांच्या गोळीबारात ३५६. भोसकून ३४७. जाळपोळीत ९१. जमावाच्या मारहाणीत ८०. खासगी गोळीबारात २२. इतर कारणांनी ४.

बावीस. मुंबईसारखं शहर, दोन महिने, माणसं एकमेकांच्या गल्लीत शिरलेली, आणि खासगी बंदुकीने मेलेले बावीस. हा आकडा लहान राहिला याचं मोठं कारण हे की घराघरात बंदूक नव्हती. मनात दयामाया वाढलेली नव्हती, ते ३४७ च्या आकड्यावरून दिसतंच. सुऱ्याला जवळ जावं लागतं, एका वेळी एक माणूस लागतो, आणि दार लावून घेतलं तर काही जण वाचतात. त्या गल्ल्यांमध्ये परवाने मोकळे असते तर बावीसच्या जागी काय आकडा आला असता याचा विचार करा. आणि परवाने मोकळे झाले असते तर ते कुणाला आधी मिळाले असते, याचाही करा. हक्क सगळ्यांना म्हटला तरी बंदूक पैशाने येते, ओळखीने येते, आणि संख्येने कमी असलेल्याच्या घरी नेहमी उशिरा येते. आत्मरक्षणासाठी म्हणून आपल्या पोरांनी जे मागायचं ते शेजाऱ्याने आधीच घेतलेलं असेल. बघता बघता गल्लीतल्या भांडणाचा आवाज बदलेल.

त्याच कोष्टकातली ३५६ ही पहिली ओळ तो तरुण मला परत वाचायला लावतो. बरोबरच आहे त्याचं. सरकारच्या बंदुकीचा प्रश्न परवान्याच्या कायद्याने सुटत नाही. तो चौकशीने, बदलीने, शिक्षेने सुटायचा असतो, आणि श्रीकृष्ण अहवालाच्या बाबतीत त्यातलं किती झालं हे आपण पाहिलेलं आहे. पण त्यावरचं उत्तर घरातली दुनळी कसं होईल, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दंगलीनंतर १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसं गेली. ती स्फोटकं आणि रायफली शेजारच्या रायगड जिल्ह्यात, दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. पुढे शिक्षा झालेल्यांत कस्टमचे अधिकारी होते, पोलीस होते. पैसे घेऊन रस्ता मोकळा केला गेला. चतुर्भुज अमीनच्या ट्रंकेपेक्षा हा माल कितीतरी जास्त होता आणि त्याला चोरकप्पाही लागला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं किनाऱ्यावरच्या मुसलमान मच्छीमाराच्या होडीकडे ज्या नजरेने पाहिलं गेलं ती नजर आम्ही कोकणी मुसलमानांनी सोसली आहे. ज्यांनी हे केलं त्यांनी आधी मुंबईकरांना मारलं, आणि मग आमच्या गावांवर हा डाग ठेवून गेले. हे म्हणायला आपल्या माणसांनी कचरू नये.

अलीकडचं पाहा. २० ऑगस्ट २०१३, पुणे, डॉ. नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरायला निघालेले. १६ फेब्रुवारी २०१५, कोल्हापूर, गोविंद पानसरे पत्नीसह सकाळी फिरून येत असलेले. कान्हेऱ्याचा जॅक्सन नाटकाला आलेला, गांधीजी प्रार्थनेला निघालेले. नि:शस्त्र माणूस, ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता. दाभोलकरांच्या खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. त्याआधी जून २०१४ मध्ये पुण्यात हडपसरला एक मुसलमान तरुण अभियंता फक्त दाढी-टोपीमुळे मारला गेला. तिथे हॉकी स्टिक होत्या.

देशाबाहेर बघितलं तरी सोपं उत्तर मिळत नाही. केनेडींना मारणारी रायफल टपालाने मागवलेली होती. दुकानात जायचीही गरज पडली नव्हती. जपानमध्ये बंदूक मिळणं जवळपास अशक्य, तिथे जुलै २०२२ मध्ये शिंझो आबे यांना घरी बनवलेल्या बंदुकीने मारलं. कडक कायदा कटवाल्याला थांबवतोच असं नाही. तो थांबवतो ते रागाच्या भरातल्या माणसाला, दारू प्यायलेल्या नवऱ्याला, जमावातल्या पाचव्या-सहाव्या पोराला. या लोकांची संख्या कटवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त असते.

म्हणून मला आजचा कायदा मोडायचा नाही. १९५९ चा शस्त्र कायदा ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारू नये, असं त्यात लिहिलं आहे. पीकसंरक्षणासाठी खरी गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असंही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. कागद वाईट नाही. माझी तक्रार आहे ती कायद्याची नजर कुठे असते याबद्दल. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला चक्क पोलीस ठाण्यात गोळ्या झाडल्याचा गुन्हा एका आमदारावर दाखल झाला. वाद जमिनीचा आणि राजकारणाचा. त्याच आठवड्यात दहिसरला एका माजी नगरसेवकाला कॅमेऱ्यासमोर मारण्यात आलं. हत्यार मारणाऱ्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं. कंबरेला रिव्हॉल्व्हर हा आज पुढाऱ्याच्या पोशाखाचा भाग झाला आहे, आणि त्याच्यामागून चालणाऱ्याच्या कंबरेलाही.

जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्यांची नोंद असतेच. पीकसंरक्षणाचे किती, स्वसंरक्षणाचे किती, स्वसंरक्षणाचे कुठल्या तालुक्यात, नाकारलेले अर्ज किती आणि कुठल्या कारणाने, एवढी चार कोष्टकं दरवर्षी नावांशिवाय कचेरीबाहेर लावायला काय हरकत आहे? गांधीजींच्या अकराव्या मागणीतले ते शेवटचे शब्द अजून बाकी आहेत. त्यांची सुरुवात रत्नागिरीतून झाली तर मी वर्गातली मुलं घेऊन ती कोष्टकं वाचायला जाईन.